नवव्या खंडावरचा गुडघा

मागच्या सप्टेंबरात आमच्या कोश-बुलाकमध्ये बातमी उठली, की केरिमकुल आजोबा अडुसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न करतायत. उठली म्हणजे काय, दुकानवाल्या सायराने उठवली. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मंगळवारी संध्याकाळी आजोबा काखेत नवरीचा पडदा घेऊन, इकडेतिकडे बघत, गावच्या क्लबात मागच्या दाराने शिरले. लाल मखमलीचा, कडेने भरतकाम केलेला, नवी सून सासरी आली की पहिले दिवस जिथे आडोशाला बसते, तोच तो पडदा. असला पडदा माणूस कशाला नेईल? बटाटे झाकायला?

"म्हाताऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधलंय," सायरा साखर तोलता तोलता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरी काराकोलची विधवा होती. दुपारी तिला दोन सोन्याचे दात आले. संध्याकाळपर्यंत ती एकोणतीस वर्षांची झाली, आणि बातमी जर्दाळूच्या बागेतून चालत कुमुश आजीच्या अंगणात पोचली. कुमुश आजी म्हणजे केरिमकुल आजोबांची पहिली आणि, त्यांना ठाऊक होतं तिथवर, एकुलती एक बायको. त्या दूध गाळत होत्या. त्यांनी शेवटचा थेंब गळेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाल्या, "आणतायत? आणू देत. फक्त तिला सांगा, रोज सकाळी त्यांचे मोजे तिने चढवायचे. माझी कंबर गेली त्या माणसाला मोजे घालून."

तर खरं काय ते सांगते. पडद्यामागे नवरी नव्हती. पडद्यामागे खुद्द केरिमकुल आजोबा बसत होते. तेही धड बसत नव्हते. दोन्ही गुडघे हवेत आणि एकेका गुडघ्याखाली मेंढीपालनाचे नऊ-नऊ खंड.

त्या गुडघ्यांची गोष्ट बसपासून सुरू होते. एक्केचाळीस वर्षं आजोबांनी सरोवराच्या दक्षिण काठाने काराकोल ते बालिक्ची बस चालवली. जेवले बसमध्ये, चहा प्यायले बसमध्ये, भांडले बसमध्ये. सासऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला गेले तेसुद्धा बस दारात चालू ठेवून. उभ्या उभ्या दुवा मागून तळहात तोंडावरून फिरवले, आणि "प्यासिंजर ताटकळलेत" म्हणून निघाले. माणसाच्या गुडघ्याला देवाने जेवढे म्हणून कोन दिलेत, त्यातला एकच त्यांच्या गुडघ्यांना पाठ होता. खुर्चीचा. निवृत्त झाले तेव्हा बस भंगारात गेली, पण ड्रायव्हरची सीट आणि भोंगा आजोबांनी सोडवून घरी आणला. सीट जर्दाळूच्या झाडाखाली रोवली. त्यावर बसून ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे गियर कानाने तपासत. "तिसऱ्यात टाक, गाढवा, तिसऱ्यात!"

आता आमच्याकडे माणसाचा मान जमिनीवर असतो. दारासमोरच्या भिंतीशी गाद्या घातलेल्या, समोर दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, पसरलेला, आणि जो सगळ्यात मानाचा तो मधोमध मांडी घालून. पाय दस्तरखानाच्या दिशेने पसरणं म्हणजे वाढलेल्या ताटावर थुंकण्यासारखं. आजोबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण घरच्या घरी कुमुश आजी त्यांना उशांचा डोंगर रचून द्यायच्या आणि बाहेरच्या जेवणावळींना त्यांच्याकडे बसचं निमित्त असायचं. निवृत्तीबरोबर तेही गेलं.

मग बेगिमायचं लग्न झालं. बेगिमाय त्यांची धाकटी. दिली नारीनकडे, डोंगरापलीकडे, घोड्यांचे कळप राखणाऱ्या सोरोनबायच्या घरात. सोरोनबाय म्हणजे व्याही. वय बहात्तर, पाय धनुष्यासारखे, आणि बसला की कणकेच्या गोळ्यासारखा जिथल्या तिथे जमिनीला चिकटणार. आमच्याकडे व्याह्यांनी एकमेकांची टर उडवायची असते. ती नाही उडवली तर सोयरीक फिकी राहिली म्हणतात. सोरोनबायने आयुष्यात काही फिकं राहू दिलेलं नाही.

लग्नाच्या जेवणात आजोबांना मानाच्या जागी बसवलं. दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांची मांडी घातली, चामड्याचा कडक पट्टा वळवावा तशी. वीस मिनिटं ते बसले. चेहरा आधी लाल, मग जांभळा. एकविसाव्या मिनिटाला उजवा पाय आपल्या मर्जीने सुटला. सपकन सरळ झाला आणि तळलेल्या बोरसोकांचा, कणकेच्या गोळ्यांचा, ढीग उधळत, भाकरीला टाच लावत, थेट जर्दाळूच्या मुरंब्याच्या वाडग्यात जाऊन थांबला.

साठ माणसं. सगळ्यांचे डोळे त्या टाचेवर.

"व्याहीबुवा," सोरोनबाय शांतपणे म्हणाला, "ब्रेक तिकडे नाहीये!"

छपराखालच्या चिमण्या उडाल्या इतकं घर हसलं. मग शाळेतून एक खुर्ची आणली. पुढचे चार तास केरिमकुल आजोबा मानाच्या जागी खुर्चीवर बसले होते. बाकीच्या म्हाताऱ्यांची नाकं त्यांच्या गुडघ्यांना लागत होती, आणि मटणाचा तुकडा द्यायचा तर उभं राहून द्यावा लागत होता. "वरच्या बर्थला पोचलं का?" सोरोनबाय मधूनमधून विचारायचा.

हे सगळं आजोबांनी गिळलं. टर ती टर. पण फेब्रुवारीत बाळ होणार असं कळलं, आणि ऑगस्टात बेगिमायचा फोन आला. एप्रिलात पाळण्याचा समारंभ ठरला होता. त्याला पाळणा मुलीच्या माहेरच्यांनी न्यायचा असतो, आणि त्या दिवशी मानाच्या जागी मुलीच्या बापाने बसायचं असतं. नातू पहिल्यांदा त्याच्या मांडीवर देतात.

"बाबा," बेगिमाय म्हणाली, "पाळणा घेऊन आईला पाठवा. तुम्ही कशाला येताय एवढ्या थंडीत घाट चढून?"

"एप्रिलात कसली थंडी?"

"नाही, तरी पण."

"पोरी, तुला तिकडे काय म्हणतात?"

मग ती हसत म्हणाली, "काही नाही हो. ब्रेकवाल्याची लेक म्हणतात. गमतीने."

फोन ठेवून आजोबा झाडाखालच्या सीटवर जाऊन बसले. रस्त्यावरून तीन गाड्या गेल्या. तिन्ही चुकीच्या गियरमध्ये होत्या. आजोबा काही बोलले नाहीत. कुमुश आजी म्हणतात, तेव्हाच मी समजले, की प्रकरण साधं नाही.

तालुक्याच्या डॉक्टरने गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाला, "वय झालं आजोबा. स्टूल घ्या एक." स्टूलच घ्यायचं तर आजोबांच्या घरी आख्खी सीट होती. परत येताना त्यांनी क्लबाच्या दारावर कागद पाहिला. 'योग. सर्व वयांसाठी. मंगळवार आणि शुक्रवार. चटई आपापली आणावी.'

शिकवत होत्या लीदिया मार्कोव्ना. वय चौऱ्याहत्तर, वजन मेंढीच्या दोन कोकरांएवढं. सरोवराकाठच्या आरोग्यधामात त्यांनी तीस वर्षं लोकांचे सांधे हलवले होते, आणि योग त्या तरुणपणी एका टंकलेल्या वहीतून शिकल्या होत्या. ती वही तेव्हा, योगाला सरकारी बंदी असताना, हातोहात, चोरून मारलेल्या सशाचं मांस लपवून न्यावं तशी फिरायची. त्यांच्याकडे आमच्या गावच्या सात सुना येत होत्या. त्यातली एक माझी जिपारवहिनी. तिचं तान्हं सांभाळायला मी कोपऱ्यात असायचे, म्हणून पुढचं सगळं मला तोंडपाठ आहे.

आजोबा काखेत शेळीच्या केसांची गादी गुंडाळून दारात उभे राहिले, तेव्हा सातही सुना पाठीवर झोपून पाय आढ्याला लावत होत्या.

किंकाळी उठली. सात जणी धडपडत उठल्या, रुमाल डोक्याला बांधले आणि रांगेत वाकून नमस्कार केला.

"झोपा परत," लीदिया मार्कोव्ना म्हणाल्या. कोणी झोपेना.

"अगं झोपा!"

"मामंजींसमोर?" जिपारवहिनी तोंडावर रुमाल ओढून म्हणाली. "पाय वर करून? मार्कोव्ना, आम्हाला माहेरी पाठवायचंय का?"

"मग त्यांना मागे बसवते."

"मागे? म्हणजे आम्ही वाकल्यावर मामंजींना काय दिसेल?"

"बरं, पुढे बसवते."

"म्हणजे मामंजी वाकल्यावर आम्हाला काय दिसेल!"

लीदिया मार्कोव्ना पन्नास वर्षं आमच्यात राहिल्या आहेत, पण असल्या वेळी त्या छताकडे बघतात. "केरिमकुल," त्या म्हणाल्या, आणि सातही जणींनी कानांवर हात ठेवले, कारण सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नसतं आणि ऐकलंच तरी ऐकल्यासारखं दाखवायचं नसतं. त्यांच्या तोंडी आजोबा म्हणजे 'बसवाले मामंजी'. "केरिमकुल, तुम्हाला काय हवंय?"

आजोबांनी गादी खाली ठेवली. "मांडी," ते म्हणाले. "मला मांडी घालायचीय. एप्रिलपर्यंत."

कोणी हसलं नाही. मुरंब्याची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, आणि सात जणी सात गावांतून आलेल्या होत्या. सासरी बापाच्या नावाने हाक मारली की कसं लागतं ते त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती.

"माझा लग्नातला पडदा आहे," जिपारवहिनी म्हणाली. "पेटीत कुजतोय. तो टांगू मध्ये."

असा तो पडदा आजोबांच्या काखेतून क्लबात गेला, आणि गावात एकोणतीस वर्षांची नवरी तयार झाली. पडदा व्हॉलीबॉलच्या दोन खांबांना बांधला. अलीकडे सात सुना, पलीकडे आजोबा, आणि लीदिया मार्कोव्ना दोन्हीकडे ये-जा करायच्या. सुनांना तर पर्वणीच. नवरीचं तोंड बघायचं तर भेट द्यावी लागते ना, मग त्या रोज विचारायच्या, "मामंजी, तोंड बघायचं काय घ्याल?"

"चार बोरसोक," पलीकडून यायचं. "आणि गरम पाहिजेत."

पहिल्या दिवशी लीदिया मार्कोव्नांनी त्यांचे तळवे एकमेकांना टेकवले आणि गुडघे खाली सोडायला सांगितले. गुडघे काही सुटले नाहीत. ते दोन शिंगांसारखे कानांच्या बाजूला उभे राहिले. आधाराला काही तरी हवं म्हणून क्लबाच्या वाचनालयातून मेंढीपालनाचे खंड आणले. जाडजूड, निळ्या बांधणीचे, नऊ भाग. दोन संच होते, आणि दोन्ही कोरे, कारण मेंढ्या पाळणाऱ्या गावात मेंढ्यांवरचं पुस्तक कोण वाचणार? उजव्या गुडघ्याला एक संच, डाव्याला दुसरा. गुडघा नवव्या खंडावर टेकला. नववा खंड म्हणजे खरूज आणि गोचिडी.

"एक खंड कमी झाला की पुढचा धडा," लीदिया मार्कोव्ना म्हणाल्या.

आणि आजोबा कण्हले. त्यांच्या त्या कण्हण्याविषयी मी थोडं अधिकाराने बोलू शकते, कारण ते मी पुढे महिनाभरात पूर्ण बसवलं. त्याचे तीन प्रकार होते. पहिला, घाटात बस चढताना करते तसा, लांब आणि बारीक होत जाणारा. दुसरा, हवेचे ब्रेक सुटल्यासारखा, नाकातून. आणि तिसरा, मधेच तुटणारा, "हंय... हंय... अगं आई", जो फक्त डाव्या गुडघ्याचा. अलीकडच्या सुना नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. "डावा दुखतोय. मार्कोव्ना, डावा सोडा!"

एकच आसन त्यांना पहिल्या दिवसापासून उत्तम आलं, ते शवासन. दोन मिनिटांत ते इतके शव व्हायचे, की घोरण्याने पडदा हलायचा.

बाकीचं ते आपल्या पद्धतीने शिकले. "श्वास घेऊन, सोडताना खाली," असं लीदिया मार्कोव्ना म्हणाल्या की पडद्यामागून पुटपुटणं ऐकू यायचं, "क्लच... आता गियर... हळू सोड, हळू, प्यासिंजर झोपलेत." लीदिया मार्कोव्नांनी आधी नाक मुरडलं. मग त्यांनी पाहिलं, की हा माणूस क्लच म्हटल्यावरच श्वास घेतो, तेव्हा त्याही म्हणू लागल्या. नोव्हेंबरपर्यंत सात सुनासुद्धा क्लच दाबून वाकत होत्या.

आठवा खंड ऑक्टोबरात गेला. सातवा, खुरांची निगा, पहिल्या बर्फाबरोबर. सहावा लोकरकातरणीचा होता, तो महिनाभर हलला नाही. गावाला आता लग्नापेक्षा हीच बातमी मोठी. सायरासुद्धा पाव देताना विचारायची, "बसवाले मामंजी कितव्यावर?" आणि माणसं म्हणायची, "अजून कातरणीतच आहेत," नाही तर "कालच चाऱ्यावर आले."

डिसेंबरात एका सकाळी कुमुश आजी मोजे घेऊन आल्या, तर आजोबा पलंगाच्या कडेवर बसलेले आणि एक पाय मोज्यात. दुसरा ते स्वतः चढवत होते. जीभ दातांत धरून, पण चढवत होते. कुमुश आजी दारातच थांबल्या.

"बघतेस काय?" आजोबा म्हणाले.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "उलटा घातलायत."

मग त्या गोठ्यात गेल्या, आणि तिथे गाईला म्हणाल्या म्हणे, की सव्वीस वर्षांनी माझी सकाळ माझी झाली. गाय सोडून हे कोणाला कळायला नको होतं. पण गोठ्याची भिंत पातळ आहे आणि शेजारचं घर आमचं आहे.

पैज लागली ती जानेवारीत, पावाच्या रांगेत. मी तिन्ही कण्हणी करून दाखवत होते. गुडघे वाकवून, हात टेकून, नाकातला आवाजसुद्धा. लोक डोळे पुसत होते. आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "चौथा विसरलीस."

आजोबा होते. मी हात झटकत उभी राहिले.

"उजवा गुडघा चौथ्या खंडावर आल्यापासून चौथा प्रकार निघालाय," ते म्हणाले. "घोडा पाणी पितो तसा. ऐकला नाहीस? मग कसली गं तू साळुंकी?"

रांग आणखी हसली, आणि या खेपेला मला. मला राग आला. मी म्हणाले, "आजोबा, नऊ खंड काढा नाही तर नव्वद, व्याह्याच्या घरी तुम्ही शेवटच्या दुव्यापर्यंत बसणं शक्य नाही. पाय मुरंब्यातच जाणार."

हे बोलायला नको होतं. आजोबांनी पावाची पिशवी खाली ठेवली.

"लाव पैज," ते म्हणाले. "पाय न पसरता, हात न टेकता, शेवटच्या 'ओमिन'पर्यंत मी मांडी घालून बसणार. नाही बसलो, तर माझ्या बसचा भोंगा तुझा."

तो भोंगा! तो वाजला की सरोवरातली बदकं उडतात. मी लहानपणापासून त्यावर डोळा ठेवून होते.

"आणि बसलात तर?"

"तर वर्षभर माझा एकही आवाज काढायचा नाही. आणि दर मंगळवारी-शुक्रवारी पडदा टांगायला तू."

मी हात पुढे केला. रांगेतल्या प्रत्येकाने साक्ष दिली. सायराने तर दोघांना एकेक गोळी फुकट दिली, जे तिने त्याआधी आणि त्यानंतर कधीच केलेलं नाही.

फेब्रुवारीत बाळ झालं, मुलगा. मार्चात आजोबा पहिल्या खंडावर आले आणि तिथेच अडकले. पहिला खंड प्रस्तावनेचा. तीन आठवडे ते प्रस्तावनेच्या खाली उतरेनात. "लोक प्रस्तावना वाचत नाहीत ते उगाच नाही," लीदिया मार्कोव्ना म्हणाल्या. निघायच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, चौथ्या प्रकारचा एक दीर्घ आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही, आणि मग लीदिया मार्कोव्नांनी पडद्याखालून प्रस्तावना अलीकडे सरकवली. सात सुनांनी ती उचलून मुके घेतले. मी मात्र तान्ह्याला थोपटत विचार करत होते, की जमिनीला टेकणं वेगळं आणि पाच तास बसणं वेगळं.

रविवारी पहाटे आम्ही गाडीने निघालो. पुढे आजोबा, मधे कुमुश आजी आणि जिपारवहिनी, मागे पाळणा आणि पाळणा धरायला मी. नारीनपलीकडे सोरोनबायच्या घरी पोचलो तर साठ-सत्तर माणसं जमलेली. आत गाद्या घातलेल्या, दस्तरखान पसरलेला, आणि मानाच्या जागी शाळेतली तीच खुर्ची. तिला लाल रिबीन बांधली होती.

"या व्याहीबुवा, या!" सोरोनबायने हात पसरले. "तुमच्यासाठी सिंहासन मांडलंय. ब्रेकसुद्धा तपासून घेतलेत."

हशा झाला. दाराशी बेगिमाय चहाची किटली धरून उभी होती. ती हसली नाही. ती बापाच्या पायांकडे बघत होती.

आजोबांनी खुर्चीकडे निरखून पाहिलं. मग अंगातला कोट काढला आणि तिच्या पाठीवर नीट अडकवला. "वा," ते म्हणाले, "कोटाची छान सोय केलीत व्याही." आणि ते खुर्चीला वळसा घालून गादीवर गेले.

मी ओठ वाचू शकते. क्लच. गियर. हळू सोड. उजवा पाय आत गेला. डावा आत गेला. गुडघे उतरले, उतरले, आणि गादीला टेकले, जणू आयुष्यभर तिथेच राहत होते. सोरोनबायने डोक्यावरची टोपी मागे सारली, डोकं खाजवलं, टोपी परत बसवली.

"चहा आण गं," तो सुनेला म्हणाला. "बापाला आधी."

पहिला तास चहाचा. दुसरा रश्श्याचा. आजोबा बसलेले. तिसऱ्या तासाला मेंढ्याचं डोकं आलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी सुरी घेतली, कान कापला, आणि दाराशी बसलेल्या माझ्याकडे हातोहात पाठवला. कान लहानांना देतात, ऐकतं राहावं म्हणून. "घे साळुंके," ते वरून म्हणाले. "तुझे दोन पुरणार नाहीत. अजून बरंच ऐकायचंय आज." मी तो चावला. चिवट होता.

चौथ्या तासाला नातू त्यांच्या मांडीवर दिला. तो मांडीत असा मावला, जणू मांडी मापाने शिवून घेतलेली. नातवाने लगेच आपलं काम उरकलं. विजारीवर डाग पसरत गेला, बायका धावल्या, आजोबांनी हात वर केला. "राहू दे," ते म्हणाले. "त्याची झोप मोडेल." आजोबा हलले नाहीत. हलला तो सोरोनबाय. एव्हाना तो कधी डाव्या कुल्ल्यावर, कधी उजव्या. तो आजोबांच्या कानाशी वाकला, आणि माझे कान कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे.

"व्याही, पाय मेले का हो?"

"कोणते पाय?" आजोबा म्हणाले.

पाचव्या तासाला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने दुवा दिला. सत्तर जणांचे तळहात तोंडांवरून फिरले, "ओमिन." पैज संपली. माणसं उठू लागली. आजोबा उठले नाहीत.

मला तर भोंगा ऐकूच येऊ लागला.

बेगिमाय बाळाला घेऊन त्यांच्याशी वाकली. "बाबा, उठा ना."

"उठायचं शिकवलेलं नाही गं पोरी," आजोबा हळूच म्हणाले. "तिथवर धडा आलाच नव्हता."

हळू बोलले, पण सोरोनबायने ऐकलं. तो जागीच थांबला. त्याने आजोबांकडे पाहिलं, रिबिनीच्या खुर्चीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. तोंड उघडलं. आता काय येतं म्हणून सत्तर माणसं वळली. बेगिमायने बाळ छातीशी घट्ट धरलं.

"पोरांनो," सोरोनबाय ओरडला, "या गाद्या ओढा! तो पांढरा नमदा आणा!"

पांढऱ्या लोकरीचा, जाड, त्यांच्या घरातला सगळ्यात चांगला. तो त्यांनी आजोबांच्या खाली सरकवला. "पूर्वी खान निवडला की त्याला पांढऱ्या नमद्यावर बसवून उचलायचे," सोरोनबाय म्हणाला. "खान कधी आपल्या पायांनी उठत नसे. आमच्या सुनेचा बाप उठेल काय? उचला!"

चार मुलगे चार कोपऱ्यांना. एका कोपऱ्याला सोरोनबायने स्वतःही हात लावला, म्हणजे त्याला वाटलं लावला. खरं तर तो धरून उभा होता. केरिमकुल आजोबा मांडीसकट हवेत गेले. डोक्यावर काल्पाक, विजारीवर नातवाचा शिक्का, आणि चेहऱ्यावर असा भाव, की बालिक्चीला वेळेवर पोचलोय. बायकांनी त्यांच्यावर गोळ्या-बोरसोक उधळले. कुमुश आजी त्यातले झेलून खिशात घालत होत्या.

"आजपासून हिला खानाची लेक म्हणायचं," सोरोनबाय घामाघूम होऊन म्हणाला. "पण शेण तेवढंच काढायचं हं, सूनबाई."

"काढीन की," बेगिमाय म्हणाली. ती हसत होती आणि नाक पुसत होती, आणि बाळ जागं होऊन सगळ्यांवर रडत होतं.

मी नमद्याच्या बाजूने धावत होते. "आजोबा, हे चालणार नाही! तुम्ही उठलाच नाहीत!"

"पैज बसायची होती, साळुंके," वरून आवाज आला. "उठायचं नाव कोणी काढलं होतं?"

मी साक्षीदारांकडे पाहिलं. जिपारवहिनीने खांदे उडवले. पावाच्या रांगेत खरंच कोणी काढलं नव्हतं.

त्यांना तसंच नेऊन गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं. उजवा पाय दोलोनच्या घाटात जागा झाला, डावा कोच्कोरला.

आता दर मंगळवारी-शुक्रवारी पडदा मी टांगते. लीदिया मार्कोव्नांनी नवा धडा काढलाय, मांडीवरून हात न टेकता उठण्याचा, आणि आजोबा पलीकडे तो करतात. काय आवाज येतात म्हणून सांगू! पाचवा, सहावा, सातवा प्रकार. एक तर असा, की उंट, समोवार आणि हायवेवरचा ट्रक एकाच वेळी उठतायत. असला आवाज उभ्या सरोवरकाठाने ऐकलेला नाही, आणि तो हुबेहूब मला येतो. मी खांबाला दोरी बांधते, तोंड बंद ठेवते, आणि एप्रिलपर्यंतचे मंगळवार मोजते.